बाप्पाने नेमलेले अध्यक्ष

दुबईत आमचं एक मंडळ होतं. मंडळ म्हणजे काय, आठ मराठी कुटुंबं. सहा दुबईच्या करामा भागातली, दोन शेजारच्या शारजातून येणारी. नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही, बोर्ड नाही. गणपतीचे दीड दिवस एकाच्या घरी जमायचं, आरत्या म्हणायच्या, जेवायचं, पोरांकडून श्लोक म्हणवून घ्यायचे आणि बाल्कनीतल्या नव्या कोऱ्या बादलीत विसर्जन करायचं. एवढंच. पण आठ मराठी माणसं एकत्र आली की अध्यक्ष हवाच, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते एकदम पटलं.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. एका शुक्रवारी दुपारी सगळे आमच्या फ्लॅटवर जमले. अध्यक्ष हवा हे सगळ्यांना मान्य होतं, अध्यक्ष व्हायचं मात्र कुणालाच नव्हतं. अध्यक्षाच्या घरी गणपती बसणार, म्हणजे दीड दिवस आठ कुटुंबांच्या चपला, पोरं आणि चहा. जो तो आमच्या गालिच्याची नक्षी बघत बसला. शेवटी माझी बायकोच म्हणाली, "चिठ्ठ्या टाका. देवासमोर टाका, म्हणजे नंतर कुरकुर नको."

प्रत्येक पुरुषाने आपापलं नाव लिहून चिठ्ठी वाटीत टाकायची असं ठरलं. सातजण हजर होते. आठवे पार्किंग शोधत करामाला प्रदक्षिणा घालत होते. त्यांचं शारजात ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप होतं आणि एवढी मोठी पिकअप होती की शुक्रवारी ती कुठेच मावत नसे. त्यांच्या वतीने त्यांच्या बायकोने चिठ्ठी लिहावी असं ठरलं.

आता कबूल करायला हरकत नाही. मी माझ्या चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं नाही. पार्किंग शोधणाऱ्या त्या भल्या माणसाचं लिहिलं. आमच्या कंपनीत मी एसी डक्टिंगची, म्हणजे हवेच्या पत्र्याच्या नळ्यांची, ड्रॉइंग काढायचो, त्यामुळे अक्षर सुरेख, छापल्यासारखं. त्या सुरेख अक्षरात मी त्यांचं नाव लिहिलं, चिठ्ठीची चार वेळा घडी केली आणि डोळे मिटून देवाला हात जोडले.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिने वाटीत हात घातला, एक चिठ्ठी काढली आणि माझ्या बायकोने ती उलगडून नाव वाचलं. त्यांचंच नाव. मी लांबूनच अक्षर ओळखलं. माझीच चिठ्ठी.

नेमके त्याच वेळी ते घामाने निथळत दारातून आत आले. "मिळालं एकदाचं पार्किंग! काय झालं?"

"तुम्ही अध्यक्ष झालात," सगळे एकदम म्हणाले. इतक्या आनंदाने आम्ही कधीच कुणाचं स्वागत केलं नव्हतं.

त्यांनी हातातल्या पिकअपच्या किल्ल्या खाली ठेवल्या. मग देव्हाऱ्यासमोर गेले, डोकं टेकलं आणि डोळे पुसत म्हणाले, "मी इथे नसताना माझं नाव आलं. ही माझी इच्छा नाही, ही त्याची इच्छा." माझ्या बायकोने त्यांना कुंकू लावलं, हातात नारळ दिला. त्यांनी ती चिठ्ठी मागून घेतली. वाटीतल्या उरलेल्या सात चिठ्ठ्याही मागून घेतल्या. आठवण म्हणून, म्हणाले.

ते एक वर्षाचे अध्यक्ष होतील असं आम्ही धरून चाललो होतो. दुसऱ्या वर्षी एकाने भीत भीत विषय काढला, तर ते शांतपणे हसले. "हे बघा, मला तुम्ही निवडलं असतं तर तुमच्यासमोर राजीनामा दिला असता. मला निवडलं बाप्पाने. त्याने सांगितलं की लगेच सोडतो." बाप्पा पुढची आठ वर्षं काही बोलला नाही.

त्यांच्या हॉलमध्ये, देव्हाऱ्याच्या बाजूला, ती चिठ्ठी लॅमिनेट करून ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये लावलेली होती. दरवर्षी तिला हळदकुंकू. दरवर्षी मी माझ्याच अक्षराला नमस्कार करायचो आणि मान खाली घालायचो. बाकीचेही मान खाली घालत, पण ते भक्तीने घालतात अशी माझी समजूत होती.

मनाने माणूस चांगला. कुणाचा व्हिसा अडकला, कुणाचं पोर आजारी पडलं, तर पिकअप घेऊन सगळ्यांत आधी तेच हजर. पण गणपती आले की त्यांच्या अंगात काहीतरी संचारायचं. आम्ही सगळे खाली गालिच्यावर, ते हाताच्या लाल मखमली खुर्चीवर. आरती सात दहाला, कारण वर्कशॉप बंद करून घरी यायला त्यांना तेवढा वेळ लागायचा, पण कारण विचारलं तर सात दहाचा मुहूर्त. मखर त्यांच्याच वर्कशॉपचं, ब्राँझ रंगाच्या सरकत्या खिडकीचं. बाप्पा आत, पुढे दोन काचा आणि एक मच्छरजाळी. नैवेद्य दाखवताना जाळी डावीकडे सरकवायची आणि आरतीला काच उजवीकडे. आम्हाला पाठ झालं होतं. अंताक्षरीत पंच तेच. एकदा त्यांनी 'ण'वरून गाणं म्हणायला लावलं. तक्रार केली तर म्हणाले, "बाप्पाच्या दरबारात अवघड असं काही नसतं."

परीक्षेच्या आधी पोरं त्यांच्याकडे नेली जात. ते प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत. माझ्या मुलीच्या डोक्यावर जरा जास्त वेळ, कारण हिच्याच हातून बाप्पाने आज्ञा पाठवली होती. एका वर्षी तिला गणितात अडतीस मिळाले. ते म्हणाले, "हात ठेवला नसता तर नापास झाली असती."

सगळ्यांत जास्त सोसलं माझ्या बायकोने. कुणी काय करून आणायचं याची यादी अध्यक्ष काढत आणि तिच्या वाट्याला नऊ वर्षं काकडीची कोशिंबीर आली. तिच्या हातची अळूवडी खाऊन लोक पत्ता विचारत घरी यायचे. ती दरवर्षी म्हणायची, "भावजी, या वेळी मी अळूवडी आणते." आणि ते दरवर्षी बोट वर करून म्हणायचे, "वहिनी, मी कोण ठरवणारा? ज्याने मला बसवलं त्याला विचारा." त्यांच्या हॉलमध्ये वर नेमका खिडकीतला एसी होता. बायको एसीकडे बघायची, एसी घरघरायचा आणि ती कोशिंबीर करायची.

मला हे सगळं बघून अपराधी वाटायचं. बायकोला सांगायचा धीर होत नव्हता. एका चिठ्ठीने मी तिला नऊ वर्षं काकडी चोचवायला लावली होती.

दोन हजार सालची गोष्ट. मुलगी नववीत गेली. एका संध्याकाळी जेवताना ती इतिहासाचं पुस्तक पुढे ठेवून पाठ करत होती. युरोपातले राजे कसे म्हणायचे की आम्हाला देवाने गादीवर बसवलं, म्हणून आमच्याशी भांडणं म्हणजे देवाशी भांडणं. राज्याभिषेकाला पवित्र तेल लावायचे, धर्मगुरू मुकुट चढवायचा, आजारी लोक यायचे आणि राजाने हात लावला की बरे होतील असं मानायचे. कर वाढवला, युद्ध केलं, कुणाला कोठडीत टाकलं, तरी जाब फक्त देवाला देणार, प्रजेला नाही. वाचता वाचता ती थांबली.

"बाबा, धिस इज अध्यक्ष काका."

बायकोचा हात वरणाच्या डावासकट हवेतच राहिला. "परत वाच गं," ती म्हणाली.

मुलीने परत वाचलं. बायकोने ते इतकं मन लावून ऐकलं की माझं वरण थंड झालं.

"मग त्या राजांचं काय झालं?" तिने विचारलं.

"सम लॉस्ट देअर हेड्स," मुलगी म्हणाली आणि पान उलटलं. टीचरने म्हणे प्रोजेक्ट दिला होता. अशा एखाद्या राजाची मुलाखत घेतोय अशी कल्पना करा आणि प्रश्नोत्तरं लिहा. "बट व्हाय शुड आय इमॅजिन?" ती म्हणाली. "वुई हॅव वन."

मी म्हणालो, "असं काही करायचं नाही. मोठे आहेत ते."

बायको म्हणाली, "करायचं. अभ्यास आहे तिचा."

गणपतीच्या तयारीची बैठक पुढच्याच शुक्रवारी होती. अध्यक्षांच्या हॉलमध्ये आम्ही सगळे गालिच्यावर बसलो, ते खुर्चीवर. मुलगी वही-पेन घेऊन त्यांच्यापुढे मांडी घालून बसली. मुलाखत म्हटल्यावर ते खूश झाले. त्यांनी कुडत्याची वरची गुंडी लावली आणि आपल्या बायकोला फोटो काढायला सांगितलं.

"काका, तुम्हाला कोणी निवडलं?" मुलीने मराठीत विचारलं. घरी रंगीत तालीम झाली होती, हे मला तेव्हाच कळलं.

"बाप्पाने."

"म्हणजे तुमचं काही चुकलं तर बाप्पाचं चुकलं?"

"बाप्पाचं कसं चुकेल?"

"मग तुमचं कधीच चुकत नाही?"

ते जरा विचारात पडले. "माझं म्हणजे, घरी चुकतं. मंडळात नाही."

अध्यक्षीणबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी "घरी" या शब्दाला जोरात मान हलवली.

"इंग्लंडचा एक राजा अगदी असंच म्हणायचा," मुलगी वहीत बघत म्हणाली. "पार्लमेंटला उत्तर देणार नाही, फक्त देवाला देईन."

"वा! शहाणा माणूस."

"त्याचं डोकं उडवलं."

अध्यक्षांनी कुडत्याची वरची गुंडी परत काढली. मग अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे नुसते केस गेले."

सगळे हसले, तेही हसले. मला वाटलं, चला, निभावलं. पण मुलीने पुढचा प्रश्न विचारला. "काका, टीचर सांगते, इतिहासाला पुरावा लागतो. बाकीच्या चिठ्ठ्या कुठे आहेत?"

अध्यक्षांचा चेहरा उजळला. "पुरावा? आहे की! नऊ वर्षं जपून ठेवलाय." ते उठून देव्हाऱ्यापाशी गेले आणि चांदीचा कुंकवाचा करंडा घेऊन आले. आत सात चिठ्ठ्या, जशा होत्या तशा घड्या घातलेल्या. "मी कधीच उघडल्या नाहीत. बाप्पाने ज्यांना नाकारलं त्यांची नावं वाचणं बरं नाही. पण आता अभ्यासासाठी उघडू."

मी हायसं वाटून मागे टेकलो. माझी चिठ्ठी तर भिंतीवर होती. करंड्यात मला घाबरवणारं काहीच नव्हतं.

पण बाकीच्यांना झालं तरी काय? आमचे दातांचे डॉक्टर ताडकन उठले. "यल्ला, चला, आधी चहा घेऊ या!" एक बँकेतले गृहस्थ म्हणाले, "माझी गाडी कुणाच्या तरी मागे आहे, सगळे खाली चला." शारजाचे दुसरे म्हणाले, "जाऊ द्या हो, जुनं कशाला उकरायचं, खलास!" एकजण तर आरतीच म्हणायला लागला. मी चकित होऊन बघत राहिलो. एवढं घाबरायचं काय कारण, हे मला कळेना.

मुलीने पहिली चिठ्ठी उलगडली होती. तिने मोठ्याने वाचलं. अध्यक्षांचं नाव.

"ही ती निघालेली असेल," अध्यक्ष म्हणाले.

"नाही काका. ती भिंतीवर आहे."

दुसरी. अध्यक्षांचं नाव, हिरव्या शाईत. हिरवं पेन फक्त डॉक्टर वापरत. तिसरी, अध्यक्षांचं नाव, इंग्रजीत, खाली सवयीने दोन रेघा मारलेल्या. बँकेतल्या गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. चौथी. पाचवी, नावाआधी 'श्री.' आणि पुढे 'साहेब'. सहावी. सहाही चिठ्ठ्यांवर एकच नाव, सहा वेगवेगळ्या अक्षरांत.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नऊ वर्षं मी समजत होतो की आख्ख्या दुबईत मी एकटाच लबाड. प्रत्येकजण तेच समजत होता. सातजणांनी गुपचूप त्यांचं नाव लिहिलं आणि सातजणांनी नऊ वर्षं त्याला बाप्पाची इच्छा म्हणून नमस्कार केला.

सातवी चिठ्ठी उघडून मुलगी थांबली. माझ्याकडे बघितलं. "बाबा, इट्स यू."

त्यावर माझं नाव होतं. नीटनेटकं, बायकी अक्षर. सगळे अध्यक्षीणबाईंकडे वळले.

"काय करू?" त्या म्हणाल्या. "माझ्या घरी नको होता एवढा पसारा. तुमचा हॉल मोठा होता."

माझी बायको मात्र भिंतीकडे बघत होती. उठून फ्रेमपाशी गेली, चष्मा वर करून तिने अक्षर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आमच्या फ्रिजवर सामानाच्या याद्या मीच लिहायचो. "काकडी," एवढा एकच शब्द ती बोलली. तो तिने ज्या प्रकारे उच्चारला, ते मी आजही विसरलेलो नाही.

अध्यक्ष हातात रिकामा करंडा धरून उभे होते. आधी त्यांनी बोटांवर मोजलं. "आठापैकी सात," ते म्हणाले. "अरे, हे तर बहुमत झालं! बाप्पाने तुम्हा सातजणांच्या हातून..."

"काका," मुलगी हळूच म्हणाली, "दे वेअर नॉट चूझिंग यू. दे वेअर एस्केपिंग."

त्यांनी एकेकाकडे पाहिलं. कुणाचीच मान वर नव्हती. मग ते स्वयंपाकघरात गेले. अध्यक्षीणबाई मागोमाग गेल्या. आम्ही गुन्हेगारांसारखे बसलो. मला खरंच वाईट वाटलं. त्या माणसाने नऊ वर्षं दीड दिवस आमच्या पोरांचं, चपलांचं, चहाचं सगळं अंगावर घेतलं होतं, ते आम्ही टाळलं म्हणूनच.

पाच मिनिटांनी अध्यक्षीणबाई बाहेर आल्या. "त्यांनी राजीनामा दिलाय."

"आणि आता काय करताहेत?" डॉक्टरांनी घाबरत विचारलं.

"चहा टाकलाय. साखर कुठे असते ते विचारत होते."

मग पुन्हा तोच प्रश्न आला. आता अध्यक्ष कोण? आणि पुन्हा आठ... नाही, सात पुरुष गालिच्याकडे बघायला लागले. मुलीने वही बंद केली आणि म्हणाली, "कान्ट वी जस्ट वोट?"

"मी होते," माझी बायको म्हणाली.

बायकांना कुणी आधी विचारलंच नव्हतं. आठही बायकांचे हात एकदम वर गेले, पोरांचेही गेले, मग आमचे. ट्रे घेऊन बाहेर आलेल्या माजी अध्यक्षांनी काय चाललंय न कळताच एक हात वर केला आणि दोन कप सांडले.

आत्ता चिडतील, मग चिडतील, अशी आम्ही वाट बघत होतो, पण ते चिडले नाहीत. नवीन अध्यक्षांसमोर जाऊन उभे राहिले. "वहिनी, मी काय आणू या वर्षी?"

बायकोने क्षणभर विचार केला. सूड घ्यायची पूर्ण संधी होती. "तुम्हाला काय करता येतं, भावजी?"

"काही नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग बर्फ आणा."

त्या वर्षी गणपती आमच्या हॉलमध्ये बसला, थर्माकोलच्या मखरात, काचेविना. अळूवडीची चौथी खेप झाली. माजी अध्यक्ष पहिल्यांदाच आमच्यात खाली बसले आणि त्यांना उठवायला दोघे लागले. मुलीला प्रोजेक्टमध्ये चांगले मार्क मिळाले, पण टीचरने खाली लिहिलं होतं की कल्पनाशक्तीला थोडा आवर घालावा.

जेवणं झाल्यावर मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. माफी मागायची होती. "ती भिंतीवरची चिठ्ठी माझी होती," एवढंच म्हणालो.

"माहीत होतं मला," ते म्हणाले.

"काय?"

"एसीच्या जाळ्या बनवायला तुझी ड्रॉइंग येतात की माझ्या वर्कशॉपमध्ये. अक्षर ओळखू येणार नाही? पहिल्याच वर्षी ओळखलं." लिफ्ट आली तरी ते आत गेले नाहीत. "मला वाटलं, एवढ्या माणसांत कुणाला तरी मी अध्यक्ष व्हावं असं वाटलं. गावी आम्ही पाच भाऊ. मी सगळ्यांत धाकटा. तिकडे गणपतीत मला कुणी आरतीचं ताटसुद्धा धरू देत नाही. इथे एकाने स्वतःचं नाव सोडून माझं लिहिलं, म्हणून जपलं मी ते."

खरं कारण त्यांना नुकतंच सगळ्यांदेखत कळलं होतं, तरी ते माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलत होते.

"त्याच्या नादात नऊ वर्षं गावचा गणपती बुडाला," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी जातो."

आणि खरंच गेले. पुढच्या गणपतीत आमची आरती अर्ध्यावर आली असताना हॉलमधला फोन वाजला. गावच्या एका पीसीओमधून त्यांचा फोन होता, मागे टाळ, झांजा, कुणाचं तरी रडणारं पोर आणि पावसाचा आवाज. ते एवढ्या मोठ्याने ओरडत होते की रिसीव्हर कानापासून लांब धरूनही सगळ्यांना ऐकू आलं.

"अरे, इथे मला कुणी विचारतच नाही!" ते आनंदाने सांगत होते. "सकाळपासून नुसता नारळ खवतोय! पंचवीस झाले! वहिनींना सांग, बोट कापलं, पण मजा आहे!"